गुरुवारची खोली आणि तुमसरचा दोर

गुरुवारी दुपारी आत्याबाई कोणाच्या बापाचं ऐकत नसत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. एरवी घरात कोणी पाणी मागितलं की सुनेच्या आधी त्याच उठायच्या आणि वर मला ऐकवायच्या. गुरुवारी मात्र जेवणं उरकली की हातपाय धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून, सुपारीची चंची कमरेला खोचून त्या दारात उभ्या. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चहा मागितला तर चूल कुठे आहे ते त्यांना सांगायच्या आणि मला म्हणायच्या, चल लवकर, त्या बाया येऊन बसल्या असतील. एवढी घाई मी त्यांना लग्नघरीही करताना पाहिली नाही.

त्या बाया म्हणजे आमचं महिला मंडळ. सिहोऱ्याच्या पलीकडे आमचं गाव, चहूकडे धान आणि एका अंगाला तलाव. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. मी भंडाऱ्यात वाढलेली, मॅट्रिक झालेली, म्हणून लग्न होऊन येताच माझ्या गळ्यात मंडळाची सेक्रेटरी ही माळ पडली. सेक्रेटरीचं काम काय, तर ग्रामसेविकाबाई सायकलवरून आल्या की त्यांच्यासाठी खुर्ची आणायची. ग्रामसेविकाबाई तरुण होत्या, उत्साही होत्या, आणि त्यांच्या सायकलला घंटी नव्हती, त्यामुळे त्या गावात शिरल्या हे कुत्र्यांच्या भुंकण्यावरून कळायचं. त्यांनी आम्हाला जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी शिकवलं, ते अजून उपयोगी पडतं. सोयाबीनचे पौष्टिक लाडूही शिकवले. ते आम्ही त्यांच्यादेखत एकेक खाल्ले आणि उरलेले शेळ्यांना घातले, शेळ्यांनीही जरा विचार करूनच खाल्ले.

मंडळाला सरपंचांनी ग्रामपंचायतीच्या बाजूची खोली दिली होती. आधी तिथे बियाण्याची पोती असत. खोली लहान, खिडकी एकच. पहिल्या काही गुरुवारी तिथे दोन सतरंज्या पडल्या, एक आमची आणि एक बौद्ध वस्तीतल्या बायांची. हे कोणी बोलून ठरवलं नव्हतं, पण तसंच होणार हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. लपवून काय करायचं? मग पंचायत समितीकडून शिवणयंत्र आलं. ते मांडल्यावर दुसरी सतरंजी घालायला जागाच उरेना. ती गुंडाळून कोपऱ्यात उभी केली आणि बाया मांडीला मांडी लावून बसल्या. भाषणं करून जे झालं नसतं ते त्या यंत्रानं केलं, आणि शिवण मात्र आम्हाला कधीच धड आली नाही. माझ्या हातचं पहिलं पोलकं एका बाहीचंच झालं होतं.

वस्तीतल्या बायांत एक होत्या, आत्याबाईंच्याच वयाच्या, उंच आणि सडसडीत. त्यांना सगळं गाव मावशी म्हणायचं. मावशी रोवण्याच्या म्होरक्या. रोवणा म्हणजे धानाची लावणी, आणि ती ज्यानं केली नाही त्याला सांगावं लागेल की रोवणाऱ्या बाया पुढे चालत नाहीत, मागे मागे सरकतात. चिखलात ओळीनं वाकायचं, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं रोवायची आणि एक पाऊल मागे. सगळ्यांचं पाऊल एका वेळी पडावं म्हणून गाणं म्हणायचं. मावशी एक ओळ म्हणायच्या, बाकीच्या ती उचलायच्या, आणि अख्खी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, उलट्या पावलांनी हिरवी व्हायची. बांधीच्या कडेचा मातीचा बांध, ज्याला आम्ही धुरा म्हणतो, तो टाचेला लागला की मावशी शेवटचा शब्द लांबवायच्या. त्याबरोबर सगळ्या बाया हातातलं सोडून कंबर सरळ करायच्या. दिवसभरात सुखाचा क्षण काय तो तेवढाच. आत्याबाईंचं घर जमीनवालं, पण मजुरांच्या बरोबरीनं त्या लहानपणापासून रोवत आल्या होत्या. त्या आणि मावशी चाळीस वर्षं एका ओळीत वाकल्या होत्या, आणि शेजारी शेजारी बसल्या त्या मात्र या खोलीतच पहिल्यांदा.

म्हणूनच खोली जाणार असं ऐकलं तेव्हा आत्याबाईंनी दोन दिवस सुपारी खाल्ली नाही. झालं असं की गावातल्या तरुण पोरांना कॅरम खेळायला आणि मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, नाटकाच्या तालमीला खोली हवी होती. सरपंच माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, नात्यानं माझे भासरे. त्यांच्यासमोर मला डोक्यावर पदर घेऊन आडोशाला उभं राहावं लागे, त्यामुळे सेक्रेटरी असून मला तोंड उघडायची सोय नव्हती. ते आत्याबाईंना म्हणाले, काकू, तुम्ही बाया नुसत्या गोष्टी सांगत बसता, ते घरीही होतं. बरं, आता तालुक्याला, तुमसरला, महिला मंडळांचे खेळ आहेत. तिथून एखादं बक्षीस घेऊन या, मग खोली कायमची तुमची. नाही आणलं तर पोरांची.

आत्याबाई घरी येऊन भिंतीला टेकून बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "घरी बसतो तं मी कोनाची सासू असतो, कोनाची काकू असतो. खोलीत बसतो तं काईच नसतो. लय बरं वाटते." मी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यावर पुष्कळदा चिडले होते, पण त्या दिवशी मला त्यांची फार माया आली.

ग्रामसेविकाबाईंनी स्पर्धांची माहिती सांगितली. रांगोळी आमच्याच्यानं होणारी नव्हती. संगीत खुर्चीला आत्याबाईंनी नकार दिला, कारण म्हाताऱ्या बाईनं उभं राहायचं आणि तरण्या पोरीनं खुर्ची पटकवायची यात शोभा ती काय. तोंडात चमचा आणि चमच्यात लिंबू हा प्रकार तर मावशींना समजावून सांगूनही पटला नाही, लिंबू हातात धरून नेलं तर कोण मारतं असं त्या विचारत राहिल्या. राहिली रस्सीखेच. दोर ओढायचा हे सगळ्यांना कळलं.

सराव आमच्या खळ्यावर झाला. धान चुरून, म्हणजे मळून, झालं होतं. मामाजींची बैलबंडी पोत्यांनी भरून घेतली, तिला नाडा बांधला आणि आम्ही आठजणी ओढायला लागलो. बैलांना सोडून बाजूला बांधलं होतं, ते रवंथ करत आमच्याकडे बघत होते. पहिल्या दिवशी बंडी जागची हलली नाही. एक इकडे ओढते, दुसरी तिकडे, आणि ओढण्यापेक्षा एकमेकींना दोष देण्यात जास्त जोर जात होता. मग मावशी पुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरळ रोवण्याचं गाणं धरलं. पौषाच्या थंडीत, कोरड्या खळ्यावर, श्रावणातलं गाणं. आमचे पाय आपोआप मागे पडले. एक ओळ, एक पाऊल. बंडी करकरली आणि चालायला लागली. खळ्याच्या मागे तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता. सगळ्यांत शेवटी आत्याबाई, दोराचं टोक काखेत धरून. त्यांची पाठ तणसाला लागली की त्या हुंकार द्यायच्या, मावशी शेवटचा शब्द लांबवून गाणं थांबवायच्या, आम्ही दोर टाकून कंबर सरळ करायचो आणि पाणी प्यायचो. आठ दिवसांत आम्ही बंडी अशी ओढू लागलो की मामाजी बैलांना म्हणाले, आता तुमचं काही खरं नाही.

तुमसरला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो. नवरा, दीर, सासरा यातलं कोणीही सोबत नसताना तुमसर बघणाऱ्या निम्म्याअधिक होत्या. एका शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता, लाऊडस्पीकरवरून साहेब लोकांची भाषणं चालली होती आणि भाषणांत आम्हाला मातृशक्ती म्हणत होते, उभं मात्र उन्हात केलं होतं. आमची गाठ पडली ती मोठ्या गावच्या एका मंडळाशी. त्यांच्या पायांत पांढरे बूट होते. आमच्या मंडळीचे पाय अनवाणी, टाचांना भेगा, आणि बूट बघून आमच्यातल्या दोघींचं अवसान तिथेच गळालं. मावशी म्हणाल्या, बुटानं ओढायचं आहे का हातानं?

शिट्टी झाली. मावशींनी आवाज लावला. लोक हसले, पण दोर आमच्याकडे यायला लागला. एक ओळ, एक पाऊल. समोरच्या बाया दात खाऊन ओढत होत्या, त्यांचे बूट धुळीत घसरत होते. दोराच्या मध्यावर बांधलेला लाल रुमाल आमच्या चुन्याच्या रेषेकडे सरकत होता. ग्रामसेविकाबाई बाजूनं पळत होत्या आणि आता आलाच, आता आलाच असं म्हणत होत्या. मला तर खोलीची खिडकीसुद्धा दिसायला लागली होती.

त्या मैदानाच्या कडेला पावसाचं पाणी अडवायला मातीची एक बुटकी वरंबी घातलेली होती. आत्याबाईंची टाच तिला लागली. त्यांच्या तोंडून नेहमीचा हुंकार निघाला. तो ऐकून मावशींनी शेवटचा शब्द लांबवला. आणि आम्ही आठहीजणींनी दोर सोडला आणि कंबर सरळ केली.

मीसुद्धा. मी काय जन्माची रोवणारी नव्हते, दोन हंगाम काय ते चिखलात उतरले होते. पण मीही दोर टाकून, कमरेवर हात ठेवून, समाधानानं आभाळाकडे बघत उभी राहिले.

रुमाल रेषेपासून वीतभर दूर होता. समोरच्या बाया सगळ्या मिळून मागे उडाल्या आणि एकीवर एक पडल्या, दोर मात्र त्यांनी सोडला नाही. आम्हाला आधी कळेचना काय झालं ते. मग आत्याबाई आणि मावशी धावत जाऊन त्यांना उठवू लागल्या, धूळ झटकू लागल्या. त्यांच्यातल्या पुढच्या बाईच्या बांगड्या फुटल्या होत्या, पण ती पडल्या जागी हसत होती. पंचांनी तो डाव त्यांना दिला.

ग्रामसेविकाबाईंनी डोक्याला हात लावला आणि काकुळतीनं विचारलं की बायांनो, सोडला कशाला. आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं. म्हणाल्या, "धुरा लागला ना."

तीनपैकी दोन डाव जिंकायचे होते. दुसऱ्या डावाआधी मावशींनी आम्हाला गोळा करून बजावलं की आता मी गाण्याला शेवटच ठेवत नाही, मागे विहीर लागली तरी ओढायचं. त्यांनी तसंच केलं. गाणं संपेचना, आम्ही ओढतच गेलो, वरंबी ओलांडली, मांडवाच्या दोरीत आत्याबाई अडकल्या, आणि पंच शिट्टी वाजवून थकले तेव्हा कुठे थांबलो. तो डाव आमचा.

तिसरा डाव आता खरा. समोरच्या बायांनी बूट काढून ठेवले. पुन्हा मावशींचा आवाज, पुन्हा आमची पावलं मागे, पुन्हा रुमाल आमच्याकडे. तेवढ्यात समोरची ती फुटक्या बांगड्यांची बाई आमच्या मागे बघून अगदी गोडीनं म्हणाली, "धुरा आला वं, सोडा आता."

तीही रोवणारीच होती. तिलाही पहिल्या डावातच सगळं कळलं होतं. माझ्या पुढच्या बाईला हसू फुटलं, ते मला लागलं, माझं मागे गेलं, आणि हसताना हातात जोर राहतो का? त्यांनाही हसू आवरत नव्हतं. दोर ढिला पडला, मावशी गाता गाता खोकू लागल्या. दोन्ही बाजूंच्या सोळाजणी हसत होत्या, पण त्या आमच्यापेक्षा जरा कमी हसल्या आणि जिंकल्या.

हरल्यावर आम्ही काय करावं? हॉटेलात गेलो. दोन्ही मंडळं मिळून. बाकड्यांवर बसून आलूबोंडे खाल्ले, बशीत ओतून चहा प्यायलो. हॉटेलात बसून खाणं आमच्यातल्या बहुतेकींना नवं होतं. आत्याबाईंनी आधी दारातच उभ्या राहून खायचं ठरवलं होतं, मग दुसरा आलूबोंडा बसून खाल्ला. त्या बांगड्यांच्या बाईला मावशींनी आपल्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या उतरवून घातल्या. ती नको नको म्हणत होती आणि हात पुढे करत होती.

परतताना गावचा तलाव दिसायला लागला तसं ट्रॉलीतलं हसणं बंद झालं. रिकाम्या हातांनी चाललो होतो. एकीनं हळूच म्हटलं, गेली वं खोली. आत्याबाई ट्रॉलीच्या कडेला तोंड फिरवून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्यानं आलं असेल असं म्हणायला वारा नव्हता. मावशी त्यांच्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "दोर सोडला तो धुरा लागला मनून. खोलीले कोठं आहे धुरा? ते कायले सोडाची?"

 आत्याबाईंनी तोंड पुसलं आणि चंची उघडून सगळ्यांना सुपारी दिली.

पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो तर खोलीला कुलूप. आतून कॅरमच्या सोंगट्या वाजत नव्हत्या, पोरंही अजून आली नव्हती, नुसतं कुलूप. बाया माझ्याकडे बघू लागल्या, सेक्रेटरी ना मी. मी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई वळल्या आणि सरळ चौकातल्या पिंपळाच्या पारावर जाऊन बसल्या.

त्या पारावर बाया बसत नसत. तिथे दुपारी गावचे पुरुष बसायचे, विड्या ओढायचे, पत्ते कुटायचे. आम्ही आलो तसे ते सरकले, मग आणखी सरकले. बाया एकेक करून चढल्या. मीही पदर सावरून चढले. मावशी मात्र खाली उभ्या राहिल्या. त्यांच्या वस्तीतलं कोणीच त्या पारावर कधी बसलं नव्हतं. वस्तीला आपलं विहार होतं, आपली बसायची जागा होती, आणि नाही बोलावलं तिथे जायची मावशींना हौस नव्हती. त्या शांतपणे म्हणाल्या की आम्हाला तुमच्या पाराची गरज नाही बाई, मी घरी जाते.

चौकात सगळं थांबलं होतं. पानठेल्यावरचा माणूससुद्धा कात लावायचा थांबला.

आत्याबाई म्हणाल्या, "पाराची गरज कोनाले आहे वं? मले तू बाजूले पायजे. इतके दिस बसलो, आता काहून चालली? ये, वर ये."

आणि त्यांनी हात पुढे केला. मावशींनी तो धरला नाही. त्या स्वतःच्या पायांनी चढल्या आणि आत्याबाईंच्या शेजारी, मांडीला मांडी लावून, सगळ्या गावादेखत बसल्या. वस्तीतल्या बाकीच्या बाया त्यांच्यामागून वर आल्या.  मग मावशींनी गाणं धरलं आणि आम्ही उचललं. पत्त्यांचा डाव त्या दिवशी मोडला तो मोडलाच.

नंतरचे तीन-चार गुरुवार आम्ही पारावरच बसलो. घरोघरी कुजबुज झाली. एका सासऱ्यानं सुनेला कोंडायची धमकी दिली, तर त्याची बायकोच येऊन पारावर बसली. पुरुषांना विडीला जागा उरली नाही. काही मारुतीच्या देवळामागे जाऊ लागले, काही चक्क घरी बसू लागले, आणि त्यांच्या बायकांना ते फारच जड जाऊ लागलं. तक्रार सरपंचांकडे गेली.

मग एका गुरुवारी भासरे स्वतः आले. मी पदर पुढे ओढून तोंड फिरवलं, कान मात्र तिकडेच. ते चावी पुढे करून म्हणाले, काकू, बक्षीस नाही आणलं ते नाही, खोली तुमची. पोरांची सोय मी शाळेत करतो. आता उठा इथून.

आत्याबाईंनी चावी घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून नीट बांधली, आणि उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पानीपावसात लागनच खोली. आज इथंच बरं आहे. तू बस ना बाबू, उभा काहून आहेस?"

बसायला जागा होती ती मावशींच्या शेजारीच. भासऱ्यांनी आधी चौकाकडे बघितलं, मग पानठेल्याकडे, मग आत्याबाईंकडे. त्यांना लहानपणी आत्याबाईंनीच खांद्यावर खेळवलं होतं. मावशी सरकल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. शेवटी भासरे पाराच्या कडेला टेकले, निम्मे पारावर आणि निम्मे बाहेर, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि आम्ही गाणं पुढे चालू केलं. ते संपेपर्यंत ते बसून होते. भासऱ्यांसमोर हसायचं नसतं, म्हणून मी पदराआड हसले, आणि शेजारी आत्याबाई इतक्या मोठ्यानं गात होत्या की त्यांचा सूर चुकतोय हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.